बँड दहिसरच्या पुढे जाऊ नये यासाठी

परवा एका कॉलेजच्या महोत्सवात प्रमुख पाहुण्यांनी ‘आपले रॉक बँड जगात का पोचत नाहीत’ या विषयावर ‘दोन शब्द’ बोलायला घेतले आणि ते चाळीस मिनिटं चालले. मुलांत जिद्द नाही, शिस्त नाही, वेळेची किंमत नाही, असं निदान निघालं. विंगेत पाच मुलं गिटारी गळ्यात अडकवून उभी होती. त्यांचा सेटही चाळीस मिनिटांचाच होता. पाहुणे ९.२५ला बसले, मग शाल, मग श्रीफळ, मग आभार, मग आभारात राहून गेलेल्यांचे आभार. बँडची तीन गाणी झाली आणि चौथ्याच्या सोलोत दहा वाजले म्हणून मेन स्विच खाली पाडला.

पाहुण्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तरही त्यांनी प्रात्यक्षिकासह दिलं, फक्त ते सुटं सुटं होतं. ते इथे एकत्र करून देतो. तुम्ही बँडमध्ये वाजवत असाल, बँड बोलावत असाल किंवा फुकट पासवर ऐकत असाल, पुढचे उपाय मनापासून पाळा. बँड कितीही गुणी असो, मुंबईच्या वेशीवरचा दहिसर चेकनाका ओलांडणार नाही. पुणेकरांनी दहिसरच्या जागी खालापूर वाचावं.

सुरुवात नावापासून करा. नाव असं हवं की शोधणाऱ्याला आधी दुसरेच चार जण सापडावेत. मुंबईचा पेंटाग्राम १९९४चा. त्याच नावाचा अमेरिकन बँड १९७१पासून वाजवतोय, एक चिलीत आहे, एक तुर्कस्तानात. तुर्कांनी निदान परदेशापुरतं ‘मेझारकाबुल’ असं दुसरं नाव घेतलं. तुम्ही तेवढेही कष्ट घेऊ नका.

गाणं कोणाचं, हे कधीही कागदावर लिहू नका. ‘आपण भाऊ आहोत यार’ एवढा करार पुरतो. चाल कोणाची, शब्द कोणाचे, टक्के किती, हे लिहायला एक पान आणि दहा मिनिटं लागतात, ती वाचवा. मग एखाद्या वेब सिरीजवाल्यांनी गाणं मागितलं की त्यांचा वकील विचारेल, सही कोणाची? जुना बासिस्ट तेव्हा टोरोंटोला असेल आणि व्हॉट्सअॅप ग्रुप सोडून गेलेला असेल. सिरीजवाले आठवडाभर थांबतील आणि दुसऱ्याचं गाणं घेतील. गाण्याच्या रचनेचे पैसे गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेच्या सभासदत्वाची कटकटही नको. रचनेचे पैसे वेगळे आणि रेकॉर्डिंगचे वेगळे, हे कळून घेण्याचं वयच नसतं.

गाणी अ‍ॅपांवर चढवणारा डिस्ट्रिब्युटर बदलताना जुने आयएसआरसी नंबर, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख, फेकून द्या आणि सगळं नव्याने चढवा, म्हणजे चार वर्षांचे ऐकणारे शून्यावर येतील. स्पॉटिफायवर गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसतील तर रेकॉर्डिंगचा छदामही मिळत नाही. २०२४पासूनचा हा नियम तुमच्या मदतीलाच आहे. त्यांच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर ते रिलीजच्या निदान सात दिवस आधी पाठवा, असं ते सांगतात. तुम्ही मास्टरिंगवाल्याकडून, म्हणजे रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवणाऱ्याकडून, फाइल गुरुवारी रात्री घ्या आणि शुक्रवारी गाणं बाहेर काढा.

ड्रमर असा निवडा जो आणखी चार बँडांत आहे.

आता परदेशवारी. अमेरिकेत पैसे घेऊन वाजवायचं तर बँडला सहसा पी-१बी व्हिसा लागतो. त्याची अट अशी, की बँड आंतरराष्ट्रीय पातळीवर बराच काळ नावाजलेला असावा. म्हणजे नाव होण्यासाठी जायचं, तर आधी नाव झालेलं हवं. आमच्या सरकारी कचेऱ्यांना हे सुचलं नाही याचं वाईट वाटतं. शिवाय ७५ टक्के मंडळी निदान वर्षभर बँडमध्ये असायला हवीत. पाच जणांच्या बँडात चार. वर म्हटलेला ड्रमर आणि टोरोंटोचा बासिस्ट दोघंही याच वर्षी बदलले असतील तर अर्ज भरायच्या आधीच काम झालं. अर्ज तिथल्या आयोजकाने किंवा एजंटने करायचा असतो. तुमच्याकडे एजंट नाहीच, म्हणजे तीही काळजी नाही. एखादा सांगेल, टुरिस्ट व्हिसावर जा, कोण बघतंय? जरूर जा. सोबत मर्चंडाइजची, म्हणजे बँडच्या नावाच्या टी-शर्टांची, बॅग आणि बँडच्या पोस्टरचे फोटो असलेला फोन ठेवा. इमिग्रेशनवाला बघतो.

युरोप सोपा वाटेल, म्हणून हिशेब न करता निघा. केलाच तर तो काहीसा असा निघतो. पाच जण, १८ दिवस, १५ कार्यक्रम, युरोचे सरळ शंभर रुपये धरा. विमानाचे माणशी साठ हजार, म्हणजे ३,००० युरो. शेंगेन व्हिसाचे माणशी ९० प्रमाणे ४५०. व्हॅन रोजचे शंभर धरून १,८००. डिझेल ६५०. जेवण माणशी रोज २५, म्हणजे २,२५०. झोपायला कोणाच्या तरी घरची फरशी. एकूण ८,१५०. दुसऱ्या मोठ्या बँडच्या आधी वाजवणाऱ्याला रात्रीचे २०० मिळाले तर देवाची कृपा: ३,०००. (कित्येकदा त्या जागेसाठी आपणच पैसे मोजायचे असतात.) म्हणजे पाच लाखांचा खड्डा. तो बुजवतात टी-शर्ट. रात्रीला आठ विकले, वीस युरोला एक, तर २,४०० येतात आणि खड्डा पावणेतीन लाखांवर येतो. शर्ट छापायचा खर्च त्यातून वजा. १२० टी-शर्टांचं वजन होतं २४ किलो आणि विमानाच्या बॅगेची मर्यादा २३, तेव्हा जाणारे शहाणे छपाई तिकडेच करून घेतात. तुम्ही मात्र इथूनच न्या, तेही सगळे मीडियम मापाचे. मेटल ऐकणारे जर्मन दादा समोर उभे राहिले की कळेल एक्सएलचा एकही का आणला नाही.

वाद्यांसाठी एटीए कार्ने नावाचा कागद असतो. आपल्याकडे तो फिक्की देते आणि वर्षभर चालतो. गिटार, पेडल, स्नेअर, सगळ्याची नंबरवार यादी त्यावर लागते, म्हणजे येता-जाता कस्टम्स ड्युटी मागत नाही. विक्रीचा माल त्यावर जात नाही. यादीत सिरियल नंबर चुकवा. आणि अमेरिकेत १२० व्होल्टवर घेतलेला अ‍ॅम्प घरी आणून आपल्या २३०च्या भोकात एकदा घालाच. वास बराच वेळ राहतो.

इतकं करूनही बँड टिकलाच, तर साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज लावून बघणं.

हा उपाय रामबाण आहे. बँडला चार वाजता बोलवा. चार वाजता मंडपवाला अजून फळ्या ठोकत असावा. जनरेटर सहाला आला पाहिजे. सव्वासहाला नाचाच्या ग्रुपचा पेनड्राइव्ह लावून बघायचा, तो चालत नाही, मग दुसरा. पावणेसातला गेट उघडा आणि बँडला सांगा, ‘तुम्ही लाइव्ह चेक करा ना.’ बँडने महिनाभर आधी स्टेज प्लॉट (कोण कुठे उभं राहणार याचा नकाशा) आणि मिक्सरवर लागणाऱ्या चॅनेलची यादी पाठवलेली असते: ड्रमसेटला किक, स्नेअरला वर-खाली दोन, हाय-हॅट, तीन टॉम, दोन ओव्हरहेड, बास, दोन गिटारी, तीन गळे, लॅपटॉपचे दोन. झाले सतरा. ती यादी उघडू नका. सोळा चॅनेलचा मिक्सर मागवा. त्यातला एक चॅनेल सूत्रसंचालकाला, एक पाहुण्यांना, एक बक्षीस वाटणाऱ्या मॅडमना, एक कुणाला तरी लागेल म्हणून. बाराच उरले? ड्रमला दोन माइक पुरतात की, गणपतीत ढोलाला कुठे लागतात. डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी डबी) एक सांगितला असेल तर तो गोडाऊनला राहिला पाहिजे. मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, पाच जणांत एक. ड्रमखाली सतरंजी मागितली तर हसा. मग किक ड्रम प्रत्येक ठोक्याला बोटभर पुढे सरकतो आणि बिचारा ड्रमर गाणं वाजवता वाजवता पायाने तो मागे ओढतो, लोकांना वाटतं अंगविक्षेप. लाइटचे डिमर आणि साउंड एकाच फेजवर घ्या, अर्थिंग देऊ नका. गिटारीत अशी भुणभुण येईल की वाटावं मधमाश्या शिरल्या. साउंडवाला डीजेचा आणा, तो सबवूफर फाटेस्तोवर वाढवेल आणि गळा पुरून टाकेल. त्याचं टेबल प्रेक्षकांच्या मध्ये ठेवायचं नाही, स्टेजच्या बाजूला खांबाआड ठेवायचं, म्हणजे लोकांना काय ऐकू येतंय हे त्या एकट्याला सोडून सगळ्यांना कळेल. जगभर पद्धत अशी, की शेवटी वाजवणाऱ्याचं साउंडचेक आधी आणि सुरुवातीच्या बँडचं शेवटी, म्हणजे या बँडची मांडणी हलवावी लागत नाही. पण आपल्याकडे आधी चेक त्याचं, ज्याची तारीख मिळाली म्हणून पोस्टर छापलं. आणि तो येतो साडेआठला! त्याच्यासाठी सगळं पुन्हा काढा, पुन्हा लावा, पोरांचे नॉब फिरवा, केबल उपटा, आणि वर विचारा, ‘काय रे, तुमचा आवाज असा का येतो?’

आवाज असा येतो कारण तुम्ही तो असा केलात.

दहाचा नियम काय कुणाला काल कळलाय? ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्याला वर्षाकाठी फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, आणि त्यातले बहुतेक सणावारीच संपतात. शाळा, हॉस्पिटल, कोर्टापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव सुरू झाला होता, पोरं पावसात भिजत उभी राहायची; बाजूला कॉलेज, पलीकडे हॉस्पिटल, त्यामुळे तिथली गाणी या नियमाने थांबली. नियमाशी भांडण नाही, पेशंटला झोप लागलीच पाहिजे. पण दहा वाजता बंद होणार हे पंचवीस वर्षं माहीत असताना बँड नऊ पस्तीसला चढवता, हे काय आहे? सत्कार साडेसहाला नाही का करता येत? शाल काय अंधार पडल्याशिवाय ऊब देत नाही?

असो. उपाय चालू आहेत.

बँडला मानधन विचारलंच तर ‘एक्स्पोजर’ सांगा. साउंडवाला, मंडपवाला, केटरर, बाउन्सर यांना ते सांगायचं नाही, ते रोख घेतात.

दर कार्यक्रमाला गेल्या शतकातल्या त्याच चार गाण्यांची फर्माईश ओरडून करा.

आणि बँड बाहेर गेलाच, तर ते मोजू नका. पेंटाग्राम २००५ला इंग्लंडातल्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजले. दिल्लीचे परिक्रमा २००७मध्ये बंगळूरला आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडच्या आधी वाजले आणि त्याच वर्षी इंग्लंडात डाउनलोड फेस्टिव्हललाही. बंगळूरचा क्रिप्टोस २०१३ला जर्मनीतल्या वाकेन मेटल महोत्सवाला गेला, दिल्लीचा ब्लडीवूड २०१९ला. ‘आपल्यात दमच नाही’ म्हणताना ही यादी अडचणीची ठरते, तेव्हा ती विसरा. हेही विसरा, की हॅनोव्हरचा स्कॉर्पियन्स १९६५ला सुरू झाला आणि अमेरिकेत पहिल्यांदा वाजला १९७९ला, आणि गायकाच्या इंग्रजीतला जर्मन हेल तेव्हाही गेला नव्हता. चौदा वर्षं! एसी/डीसी १९७६ला ऑस्ट्रेलिया सोडून लंडनला राहायला गेले, तेव्हा तिथे पहिले कार्यक्रम पबमध्ये केले. एकच सेट चाळीस रात्री सलग वाजवला की बँड घट्ट बसतो; कुठलं गाणं तिसऱ्या जागी पडतं, कुठे गिटार बदलायला वीस सेकंद लागतात आणि तेवढ्यात बोलायचं काय, हे खोलीत सराव करून कळत नाही. आमच्याकडे बँडला वर्षाला पंधरा रात्री मिळाल्या तर पेढे वाटतात. लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब २००७ला उघडला, २०१६ला मिटला, आणि आपण सगळ्यांनी फेसबुकवर हळहळ व्यक्त केली. त्यातले किती जण शेवटच्या वर्षात तिकीट काढून गेले होते?

आता उपरोध पुरे. शिस्त नाही म्हणता? शिस्त त्या पोरांनीच दाखवली. चारला सांगितलं, पावणेचारला हजर. स्वतःच्या स्नेअरपासून नऊ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरपर्यंत सगळं वाहून आणलं, टेम्पोचे पैसे खिशातून दिले. साडेपाच तास उपाशी उभी राहिली, कुणी वडापावही विचारला नाही, आणि तुम्ही त्यांच्याच वेळात उभं राहून त्यांना वेळेची किंमत शिकवलीत. लाज वाटायला हवी होती. टाळ्या वाजवणाऱ्या आम्हालाही, कारण एकानेही उठून ‘साहेब, आता पुरे’ म्हटलं नाही. तिकीट ४९९चं असलं की महाग, आणि त्याच संध्याकाळी दोन बिअरचं बिल न बघता भरायचं. बँडवाल्यांनो, तुम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. त्या एका पानावर सह्या केल्या नाहीत, अ‍ॅडव्हान्स मागायला लाजलात, पत्र्याच्या मंडपात एका मॉनिटरवर वाजवायला ‘चालेल दादा’ म्हणालात. नाही चालत. पुढच्या वेळी चॅनेलची यादी आणि अर्धं मानधन आल्याशिवाय टेम्पोत काही चढवू नका. आणि आयोजकांनो, निमंत्रणपत्रिकेत बँडची वेळ साडेसातची छापा. पाहुण्यांना बोलायचं असेल तर दहानंतर बोलू द्या, लाउडस्पीकरशिवाय.