परमुलखात आठाचे सोळा

परदेशात लॅपटॉप रखडू लागला आणि रॅम (म्हणजे चालू कामं मांडून ठेवायची लॅपटॉपची तात्पुरती मेमरी) वाढवायचा विषय निघाला, की सल्ला देणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. घरचे फोनवर म्हणतात, "आता राहू दे, इकडे आलास की बघू." तिथले सहकारी म्हणतात, "अरे, दहा मिनिटांचं तर काम!" दोघंही खरंच बोलत असतात, आणि दोघांपैकी कुणीही तो लॅपटॉप उघडून बघितलेला नसतो. काम दहा मिनिटांचंच आहे. ते करावं की नाही हे ठरवण्यात निम्मा व्हिसा संपतो, ही गोष्ट वेगळी. माझ्या मते परदेशात रॅम वाढवायला कसलीच हरकत नाही. हरकत निघालीच तर ती परतीच्या तिकिटावरच्या तारखेची निघते.

कारण लॅपटॉपच्या सुट्या भागांत रॅमइतका बिनदेशी भाग दुसरा नाही. परमुलखात नवा लॅपटॉप घ्यायला जावं तर कीबोर्ड आडवा येतो: जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड एकमेकांच्या जागी बसलेले, फ्रेंच कीबोर्डवर क्यूच्या जागी ए. चार्जर घ्यावा तर भोकं जुळत नाहीत. रॅमला यातली कसलीच अडचण नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या. डीडीआर४ चालते १.२ व्होल्टवर, डीडीआर५ चालते १.१ वर, आणि तेवढी सोय लॅपटॉपच्या पोटातच होते. भिंतीत १२० व्होल्ट आहेत की २३०, याची तिला खबरही नसते. शिवाय जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिप्स, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. वेष्टनावरची लिपी बदलते, आतला माल त्याच तीन घरचा.

पण आधी दुखणं रॅमचंच आहे का, ते बघा. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, त्यात मेमरी. इथे बहुतेक लोक एक गंमत करतात. लॅपटॉप रखडला की आधी वैतागून रीस्टार्ट करतात आणि मग मेमरी बघतात. ती दिसते ४० टक्के. "रॅम तर भरपूर आहे!" असेलच. जेवणाआधीच्या ताटावरून पंगतीचा हिशोब केला तर दुसरं काय दिसणार? बघायचं ते ऐन गर्दीत: व्हिडिओ मीटिंग चालू, एक्सेल उघडं, आणि 'नंतर वाचू' म्हणून जपून ठेवलेले सगळे टॅब जागच्या जागी. तेव्हा आकडा ९० टक्क्यांच्या पुढे चिकटून राहिला आणि 'कमिटेड'मधला पहिला आकडा तुमच्या एकूण रॅमच्या बराच वर गेला, तर विंडोजने डिस्कवरच्या पेजफाइलकडे, म्हणजे रॅमला न मावलेला माल ठेवायच्या फाइलकडे, उसनवारी सुरू केली आहे असं समजा. खात्री हवी असेल तर रिसोर्स मॉनिटरमध्ये 'हार्ड फॉल्ट्स' बघा, म्हणजे रॅममध्ये न सापडल्याने डिस्कवर धाव घ्यावी लागण्याच्या वेळा. अधूनमधून उसळी आली तर काळजी नाही. सतत शेकड्यांत असतील तर रॅम खरोखरच कमी पडते आहे.

लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये 'फ्री'चा चिमुकला आकडा बघून छातीत धडधडून घेऊ नये. बघायचा तो 'अव्हेलेबल'चा रकाना, कारण मोकळी रॅम कॅशसाठी (पुन्हा लागेल अशी माहिती हाताशी ठेवायला) वापरून टाकणं ही त्या सिस्टिमची रीतच आहे. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशरचा आलेख हिरवा असेपर्यंत गप्प बसावं.

रॅम साठ टक्क्यांवर आहे आणि तरीही लॅपटॉप कण्हतोय, तर आजार दुसरा आहे. डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, किंवा पंख्यात धूळ बसून प्रोसेसर तापत असेल आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी करत असेल. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर रॅमच्या आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाका. यात परदेशाचा काही दोष नाही.

आता दुसरा प्रश्न: रॅम वाढवता तरी येते का? विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या त्याच मेमरीच्या पानावर खाली 'स्लॉट्स यूज्ड: १ ऑफ २' (रॅम बसवायच्या दोन जागांपैकी एक भरलेली) असं काहीतरी असतं आणि 'फॉर्म फॅक्टर'समोर एसओडीआयएमएम, म्हणजे लॅपटॉपची सुटी रॅम पट्टी. ते वाचून लगेच बाजार गाठू नका. मदरबोर्डवर डाखलेली (सोल्डर करून कायमची चिकटवलेली) रॅमसुद्धा हे पान कधीकधी स्लॉट म्हणून मोजतं. 'रो ऑफ चिप्स' लिहिलेलं असेल तर ती डाखलेलीच. खरी साक्ष सर्व्हिस मॅन्युअलची, तीही तळाच्या स्टिकरवरच्या पूर्ण मॉडेल क्रमांकाची. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत एकाला दोन स्लॉट आणि दुसऱ्याला ८ जीबी डाखलेली अधिक एक स्लॉट, असले प्रकार कंपन्या बिनदिक्कत करतात. वर्णनात एलपीडीडीआर (कमी विजेवर चालणारी रॅम) दिसलं तर पाकीट खिशात घाला. ती चिप जवळजवळ नेहमीच बोर्डाला जोडलेली असते. सुट्या पट्टीच्या रूपात तिला बसवणारं कॅम२ नावाचं मानक जेडेकने, म्हणजे मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, पण तसे लॅपटॉप अजून मोजकेच. ॲपलच्या २०२० पासूनच्या एम मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच वेष्टनात राहते. तिथे रॅम वाढवणे म्हणजे नवा लॅपटॉप घेणे, आणि मग क्यूच्या जागी ए.

स्लॉट आहे असं ठरलं की खरेदी. इथे भाषेची अडचण सोडवायला एक नामी उपाय आहे: लॅपटॉप उघडून आतल्या पट्टीच्या लेबलचा स्वच्छ फोटो काढायचा आणि विक्रेत्यापुढे धरायचा. लेबलावरची भाषा त्याला आणि तुम्हाला सारखीच कळते. त्यावर पीसी४-३२०० असेल किंवा पीसी४-२५६०० असेल, दोन्ही एकच. ३२०० हा वेग आणि त्याला ८ ने गुणलं की सेकंदाला २५६०० मेगाबाइट. आकडा मोठा म्हणून रॅम वेगवान, असं समजून पैसे मोजणारे गिऱ्हाईक विक्रेत्यांना फार आवडतात.

डेस्कटॉपची पट्टी उचलू नका. ती १३३ मिलिमीटर लांब, लॅपटॉपची जेमतेम ७०. ऑनलाइन फोटोत दोन्ही सारख्याच ऐटीत उभ्या असतात, म्हणून ही चूक नेहमीची. लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२, आणि प्रत्येकीची खाच निराळ्या जागी. म्हणजे पिढी चुकली तर पट्टी बसतच नाही. जोर लावून बसवणारे मात्र दोन्ही वस्तूंना मुकतात. जुना लॅपटॉप डीडीआर३एल मागत असेल तर ती १.३५ व्होल्टची. तिथे साधी १.५ व्होल्टची पट्टी खाचेत बसते, पण लॅपटॉप सुरू होईलच असं नाही.

किती घ्यावी? आठाचे सोळा केले तर फरक डोळ्यांना दिसतो. सोळाचे बत्तीस करणाऱ्याने आधी व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा संगणक), व्हिडिओ एडिटिंग किंवा तसलंच एखादं जड कारण दाखवावं. फक्त ब्राउझर चालवणाऱ्याला तो फरक दिसतो तो मुख्यतः टास्क मॅनेजरमध्ये. एक ८ ची पट्टी असेल आणि एक स्लॉट रिकामा, तर दुसरी ८ चीच घ्यावी. जोडीने काम सुरू होतं आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा मिळतो. १६ ची घातली तरी बिघडत नाही: बहुधा १६ जीबी जोडीत चालते, उरलेली ८ एकटी. दोन पट्ट्यांचे वेग वेगळे असले तर दोघी हळू चालणारीच्या चालीने चालतात.

आता परतीच्या तिकिटावरच्या त्या तारखेकडे येऊ. बऱ्याच पट्ट्यांवर 'लाइफटाइम वॉरंटी' छापलेलं असतं. ते वाचून माणूस सुखावतो, पण पट्टी बदलून घ्यायची तर बहुतेक वेळा ती जिथे घेतली त्या देशातच पाठवावी लागते. आयुष्यभराची हमी आणि तुमचा मुक्काम, यांतली जी मुदत लहान तीच खरी. परत करायची मुदतही अशीच. म्हणून नियम साधा ठेवावा: रॅम घ्यायची ती मुक्कामाच्या सुरुवातीला. रॅम खराब निघायची असेल तर बहुधा पहिल्या काही दिवसांतच निघते, आणि तेवढ्यात दुकान हाकेच्या अंतरावर असलं पाहिजे. परतीला दोन आठवडेही उरले नसतील तर टॅब मिटा, सुरुवातीला आपोआप उघडणारी चॅटची आणि मीटिंगची ॲप्स बंद करा आणि दिवस काढा. लॅपटॉपच्या वॉरंटीचं काय, हे विचारायचं ते आधी: मॅन्युअलमध्ये 'ग्राहकाने बदलण्याजोगे भाग' अशा यादीत मेमरी असेल तर झाकण उघडल्याने सहसा बाध येत नाही. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर ही सगळी चर्चा ऑफिसच्या आयटीवाल्यांनी करायची, तुम्ही नव्हे.

उघडण्याआधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची (डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नुसती रॅम बदलली तर ती सहसा मागितली जात नाही, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) हात घातलात तर मागितली जाऊ शकते. की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सुरक्षित असते हे खरं. पण त्या खात्यात शिरायला लागणारा ओटीपी जातो जुन्या नंबरावर, आणि जुनं सिमकार्ड असतं घरच्या ड्रॉवरमध्ये.

मग शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअपचं (लवकर उठता यावं म्हणून पुरतं बंद न होण्याचं) अर्धवट झोपणं टळतं. चार्जर काढा. तळाचे स्क्रू काढताना ज्या आकारात ते बसलेत त्याच आकारात कागदावर मांडा, कारण त्यांची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो थेट आतल्या पार्टला जाऊन भिडतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर रबरी पायांखाली बघा, एक-दोन लपलेले सापडतील. झाकण प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांत अडकलेलं असतं. तिथे जुनं एटीएम कार्ड सरकवा, स्क्रूड्रायव्हर नको. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं. दुसरं, एखाद्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवणं. गालिचावर बसून हे काम करू नये.

पट्टी कडेने धरा, सोनेरी दातांना बोट नको. खाच जुळवा, साधारण ३० अंशांच्या तिरक्या कोनात आत सारा, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या धातूच्या पकडी 'टक्' करून बसल्या पाहिजेत. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो: पट्टी पुरती आत न सारताच लोक खाली दाबतात. पकडी कशाबशा लागतात, पण सोनेरी रेघ बाहेर डोकावत राहते आणि लॅपटॉप मुका. तसं झालं तर काढून पुन्हा बसवा. तरीही नाही, तर एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये घालून बघा, दोषी कोण ते कळेल.

डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. आतमध्ये मेमरी ट्रेनिंग चालू असतं: प्रोसेसर आणि रॅम एकमेकांची लय जुळवत असतात. याच वेळी घाबरून पॉवर बटण दाबणाऱ्यांमुळे ते ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हात मांडीखाली घेऊन बसा. सुरू झाल्यावर १६ ऐवजी १५.८ दिसले तर दुकानदाराशी भांडू नका, थोडी रॅम ग्राफिक्स आणि हार्डवेअर स्वतःकडे राखून ठेवतात. त्या रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवून झोपा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी पट्टी परत करायची. 'एकच तर आहे' हा मोठेपणा रॅमच्या बाबतीत दाखवू नये; तीच एक चूक पुढे फाइल खराब करते.

पट्टी बदलली असेल तर जुनी फेकू नका. लॅपटॉप वॉरंटीत दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर नवी काढून जुनी आत घालून द्यायची, म्हणजे केंद्रातून परत येताना कुणाची रॅम कुणाकडे गेली हा वाद उद्भवत नाही. ती नवीच्याच अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा. आणि स्क्रूड्रायव्हर परतीच्या वेळी चेक-इन बॅगेत जाऊ द्या. हातातल्या बॅगेत राहिला तर सिक्युरिटीवाले तो काढून ठेवू शकतात, आणि रॅमचं तांत्रिक स्पष्टीकरण ऐकायला त्यांना वेळ नसतो.