कॅनिंग्टन मॅनर रेल्वेनं मारलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

कॅनडातल्या माळावर इंग्रजांनी वसवलेल्या आणि पुढे ओस पडलेल्या कॅनिंग्टन मॅनर या गावावरच्या माझ्या लेखाला तुम्ही खरमरीत प्रतिक्रिया दिलीत, ती आवडली. लेख न वाचलेल्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. रेल्वे दुसरीकडून गेली म्हणून गाव मोडलं, लेखक उगाच माणसांच्या डोक्यावर खापर फोडतो. रिकाम्या माळावर गाव उभं करणाऱ्यांची पंख्याखाली बसून टर उडवणं सोपं असतं. आणि मूळ रहिवाशांचा विषय मी ओढूनताणून आणला. तिन्ही मुद्दे मला पटलेले नाहीत. का, ते लिहितो.

आधी रेल्वे. आज कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात असलेल्या मूस माउंटन टेकड्यांपाशी गावाचा संस्थापक कॅप्टन एडवर्ड मिशेल पिअर्स १८८२ मध्ये आला. इंग्लंडमध्ये बँक बुडाली आणि त्याची पुंजी गेली होती. त्याच साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ मूसोमिनला पोचले. ते स्टेशन गावापासून साधारण ६५ किलोमीटर उत्तरेला. आज ना उद्या रेल्वेचा फाटा आपल्या गावावरून जाईल, या आशेवर सगळा डाव मांडलेला होता. फाटा आला १९०० मध्ये, तोही १६ किलोमीटर दक्षिणेकडून. दुकानदार-कारागीर तिकडे सरकले, गाव ओस पडलं. इथवर तुमचं-माझं एकमत आहे.

पण मग रेल्वेविना हे गाव अठरा वर्षं तगलं कसं? तुमच्या सिद्धांतात या प्रश्नाला उत्तर नाही. ६५ किलोमीटर बैलगाडीनं किंवा हिवाळ्यात घसरगाडीनं गहू न्यायचा, म्हणजे जाऊन-येऊन काही दिवस मोडले. एवढी वाहतूक करून हातात काय उरणार? अशा जागी गव्हाच्या जिवावर पिठाची गिरणी, चीजचा कारखाना, हॉटेल, शाळा आणि चर्च उभं राहत नाही. ते उभं राहिलं, कारण पैसा गव्हाचा नव्हताच. इंग्लंडहून येत होता. सरळ सांगायचं तर मनीऑर्डरवर चाललेलं गाव, फक्त उलट्या दिशेचं: इथे बाप मुलाला पाठवत होता.

पिअर्सची शेतीशाळा बघा. खात्यापित्या घरातली पोरं इंग्लंडहून यायची आणि वर्षाला १०० पौंड भरून शेती शिकायची. त्याच काळात कॅनडा सरकार १० डॉलर शुल्क घेऊन १६० एकर देत होतं. अट एवढीच, की तीन वर्षं तिथे राहून जमीन कसायची. म्हणजे जमीन जवळजवळ फुकट आणि नांगर धरायला शिकायची फी शंभर पौंड! या पोरांची शिकवणी किती झाली कोण जाणे. क्रिकेट, टेनिस आणि शिकार मात्र भरपूर झाली.

गावात येऊन राहिलेले इंग्रज बेक्टन बंधू तर याच्या पुढचे. आजोबांची मँचेस्टरमधली इस्टेट हाती आल्यावर त्यांनी डिड्सबरी नावाचा प्रशस्त दगडी वाडा बांधला. त्यांच्या तबेल्याला आतून महोगनीचं लाकूड होतं आणि प्रत्येक घोड्याच्या कप्प्यावर त्याच्या नावाची पितळी पाटी. बाहेर उणे ३० अंश, भोवतालचे शेतकरी मातीच्या ढेकळांच्या नाहीतर ओंडक्यांच्या घरात, आणि इथे शर्यतीच्या घोड्याला महोगनी. तुम्ही म्हणता मी टर उडवली. अहो, मी फक्त वर्णन केलं, हसू त्या तबेल्यातच आहे.

आता तारखा बघा. पिअर्स १८८८ मध्ये वारला. बेक्टन मंडळींनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस गाशा गुंडाळला, म्हणजे फाट्याचे रूळ पडायच्या आधी. काही तरुण वायव्य कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे गेले, काही दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धावर. रेल्वे आली तेव्हा गावाला पोसणारा पैसा आधीच आटला होता. समजा, फाटा गावातूनच गेला असता. धान्याची कोठारं उभी राहिली असती, चार दुकानं वाढली असती, गाव टिकलंही असतं. पण ते घोडे आणि ती शेतीशाळा परत आली नसती. तुम्ही ज्या गावासाठी हळहळता, ते तेव्हाही उरलं नसतंच.

बरं, हळहळ नेमकी कोणासाठी, हाही प्रश्न आहे. भोवती ऑन्टॅरिओहून आलेली शेतकरी कुटुंबं होती. साहेब लोकांना धान्य-मांस विकून त्यांनी चार पैसे गाठीला बांधले आणि फाटा आल्यावर मुकाट्यानं तिकडे मोर्चा वळवला. त्यांच्या लेखी काही बुडालं नाही. रुळांवरच्या नव्या गावानं तर नावसुद्धा ‘मॅनर’ घेतलं. धाडसाबद्दल मान द्यायचाच, तर माझा पहिला नमस्कार या मंडळींना.

राहिला ‘रिकामा माळ’. हा शब्दप्रयोग तुमचा, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. पिअर्स यायच्या आठच वर्षं आधी, सप्टेंबर १८७४ मध्ये, फोर्ट क्वापेलला सरकार आणि मूळ रहिवाशांमध्ये ‘चौथा करार’ (ट्रीटी ४) झाला. क्री, सोटो आणि असिनिबॉइन लोकांचा हा मुलूख त्या करारान्वये सरकारकडे गेला. नंतर ज्यांच्यावर हे लोक जगत, त्या बायसनचे (रानगव्यांसारख्या जनावरांचे) कळप संपले आणि उपासमार सुरू झाली. माळ रिकामा दिसत होता, कारण तो नुकताच रिकामा केलेला होता. मूस माउंटनच्या परिसरात व्हाइट बेअर, फेझंट रम्प आणि ओशन मॅन ही मूळ रहिवाशांसाठी ठेवलेली तीन राखीव क्षेत्रं होती, म्हणजे हे लोक त्या क्रिकेटच्या मैदानाचे शेजारीच. १९०१ मध्ये, फाटा येऊन वर्ष झालं नाही तोच, फेझंट रम्प आणि ओशन मॅनची जमीन सरकारनं ‘सोडून’ घेतली, वसाहतवाल्यांना विकायला काढली आणि तिथल्या लोकांना व्हाइट बेअरमध्ये हलवलं. ती दोन्ही क्षेत्रं पुन्हा उभी राहायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली. एकाच फाट्याच्या आगेमागे उठलेल्या वस्त्यांपैकी एकीवर लिहायचं आणि उरलेल्या दोन गाळायच्या, हे मला जमणार नाही. विषय ओढूनताणून आणलेला नाही, तो त्याच रुळांवरून आला आहे.

ताजा कलम: मूळ गावाच्या नावात ‘मॅनर’ का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. पिअर्सला सॉमरसेटमधल्या गावावरून नुसतं ‘कॅनिंग्टन’ ठेवायचं होतं. पण ऑन्टॅरिओत त्या नावाचं गाव आधीच होतं, टपालाचा घोळ झाला असता. म्हणून शेपूट जोडलं. जागा बघायची असेल तर आता तिथे प्रांतीय उद्यान आहे, उन्हाळ्यात जा. ओंडक्यांचं ऑल सेंट्स चर्च अजून उभं आहे. आणि रेल्वेचा मुद्दा अजूनही सोडवत नसेल, तर त्या पट्ट्यातलं रुळांपासून तितकंच लांब आणि तरीही केवळ गव्हावर अठरा वर्षं चाललेलं दुसरं गाव दाखवा, मग पुढचं भांडू.