नाव आपल्या माणसाचं असू द्या, अटी मात्र सैल ठेवा

गेलेल्या माणसाच्या नावाने विद्यापीठात शिष्यवृत्ती ठेवणं मला मनापासून आवडतं. पुतळा, कोनशिला, सभागृहाबाहेरची पाटी यांच्यापेक्षा कितीतरी बरं. दरवर्षी कुणाची तरी फी भरली जाते आणि त्या निमित्ताने ते नाव एकदा घेतलं जातं. पण या शिष्यवृत्त्यांच्या अटी वाचायला घेतल्या की बऱ्याचदा कपाळावर हात मारावासा वाटतो.

ओळखीच्या एका कुटुंबाने मुलगी गेल्यावर असा निधी उभारायचं ठरवलं आणि मसुदा मला वाचायला दिला. अर्जदार मुलगीच हवी. विषय वनस्पतिशास्त्रच हवा. गाणं यायला हवं, प्राण्यांची आवड हवी. आणि वर 'तिच्यात आणि तुमच्यात काय साम्य आहे' यावर 300 शब्दांचा निबंध. वाचताना गलबलून आलं, कारण त्या अटी एकापुढे एक वाचल्या की ती मुलगीच डोळ्यांपुढे उभी राहत होती. पण अठरा वर्षांच्या पोरीने फी मिळावी म्हणून, कधी न पाहिलेल्या, आता हयात नसलेल्या मुलीशी आपलं साम्य शोधत बसायचं? ज्यांना लिहायची सवय आहे त्या लिहितीलही, अगदी सफाईने लिहितील. जिला पैशांची खरी निकड आहे ती कदाचित फॉर्म अर्धवट टाकून कामावर निघून जाईल.

दुःखात घातलेली अट किती वर्षं पुरते याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ. लेलँड आणि जेन स्टॅनफर्ड यांचा एकुलता एक मुलगा 1884 मध्ये फ्लॉरेन्सला विषमज्वराने गेला, सोळा पूर्ण व्हायच्या आत. आईवडिलांनी शिष्यवृत्ती नाही, त्याच्या नावाने अख्खं विद्यापीठच काढलं. 1891 मध्ये ते सुरू झालं, मुलामुलींसाठी एकत्र, आणि सुरुवातीला शिकवणीची फीसुद्धा नव्हती. मग मुलींची संख्या भराभर वाढायला लागली, तशा जेनबाई अस्वस्थ झाल्या. हे मुलींचं विद्यापीठ होऊन बसलं तर ते आपल्या मुलाचं स्मारक कसं राहणार? (आईचं मन म्हणून समजतं. पटत नाही.) 1899 मध्ये त्यांनी कलम घातलं की एका वेळी 500 पेक्षा जास्त मुली नकोत. विश्वस्तांनी 1933 मध्ये त्याचा सैल अर्थ लावून वाट काढली, पण ते कलम अधिकृतपणे निघायला 1973 उजाडलं. मधल्या काळात किती मुली दारातून परत गेल्या असतील!

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली एक फेलोशिप तर फक्त आयोवा राज्यातल्या गोऱ्यांसाठी होती. शिवाय कायदा, वैद्यक, दंतवैद्यक, पशुवैद्यक आणि धर्मशास्त्र शिकणाऱ्यांनी अर्जच करायचा नाही. 1920 च्या सुमाराची ती देणगी. वंशाची अट काढून टाकण्यासाठी विद्यापीठाला 2013 मध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली.

याच्या उलट सर दोराबजी टाटांनी काय केलं ते बघा. पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्याच रोगावरच्या संशोधनासाठी दिला. संशोधक कुठल्याही देशाचा चालेल. मेहेरबाई उत्तम टेनिस खेळत, पण अर्जदाराला टेनिस यायला हवं असं दोराबजींनी म्हटलं नाही. तो निधी आजही चालू आहे.

आता थोडं पैशांचं. 'मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून द्यायचं' हे ऐकायला छान वाटतं. पण सगळंच व्याज वाटून टाकलं तर मुद्दल तिथल्या तिथे राहतं आणि महागाई पुढे जाते. 6 टक्के महागाई धरली तर साधारण 12 वर्षांत त्या रकमेची किंमत निम्मी. म्हणून अमेरिकेतली बरीच विद्यापीठं दरवर्षी निधीच्या सरासरी मूल्याच्या 4 ते 5 टक्केच खर्चतात आणि वरचा परतावा परत निधीत घालतात. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती बारीक दिसते, घरच्यांचा जरा हिरमोड होतो. होऊ द्या. आणि एक गोष्ट विद्यापीठाला तोंडावर विचारा: आमचे पैसे मिळाले म्हणून त्या विद्यार्थ्याची दुसरी मदत तेवढीच कापणार का? काही ठिकाणी कापतात. मग शिष्यवृत्ती तुमची, बचत विद्यापीठाची आणि पोराच्या हातात जादा काहीच नाही.

आभाराच्या पत्रांबद्दल माझं मत दोन्हीकडे ओढलं जातं. अशा पत्राची घरात किती वाट पाहतात ते मला माहीत आहे. पण पत्र दिल्याशिवाय दुसरा हप्ता नाही, असं कलम मी पाहिलंय. ते मात्र भिकेसारखं वाटतं, देणाऱ्यालाही शोभत नाही.

त्या कुटुंबाशी मी यावर बरंच बोललो. गाणं आणि प्राणी गेले, निबंध गेला. वनस्पतिशास्त्राला 'प्राधान्य' आहे, सक्ती नाही. मुलीच हव्यात यावर आई ठाम राहिली, आणि तो तिचा हक्क आहे. मुलीबद्दलचं सगळं एका पानावर लिहून ते निवड झालेल्या मुलीला द्यायचं ठरलं, वाचायचं की नाही ते तिने ठरवावं. शेवटी एक कलम वाढवलं: काळ बदलला आणि अर्जच येईनासे झाले, तर मूळ हेतूच्या जवळ राहून विद्यापीठाने अटी बदलाव्यात. वडिलांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच कलमावर घेतला. सही केली.