ठसा उठेना

मी जिवंत आहे ही गोष्ट गेल्या नोव्हेंबरात बँकेतल्या यंत्राला पटली नाही. एकदा नव्हे, ओळीनं दहा वेळा.

पेन्शनरांचा नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. पूर्वी साहेबांसमोर उभं राहून सही ठोकली की काम व्हायचं. साहेब चष्म्यावरून बघायचे, आपण जमेल तितकं जिवंत दिसायचं. २०१४ साली हा दाखला डिजिटल निघाला आणि साहेबांच्या नजरेची जागा काडेपेटीएवढ्या एका यंत्रानं घेतली. त्याच्या काचेवर अंगठा टेकवायचा, आतून लाल उजेड येतो, आणि आपण आहोत की नाही ते तो उजेड ठरवतो.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, दाबा." दाबला. "हळू दाबा." हळू दाबला. "आता डावा द्या." डावा दिला. मग तर्जनी, मधलं, करंगळी करत दहाही बोटांची परेड झाली. ठसा काही उठेना. "पायाचा देऊ का?" असं अगदी ओठांवर आलं होतं, पण पायाची परिस्थिती मला ठाऊक होती.

तिनं माझा अंगठा उजेडाकडे धरला, भाजीवाली शेंग वाकवून बघते तसा वाकवून बघितला आणि म्हणाली, "काका, स्किन फारच ड्राय आहे. तेलबिल लावा आणि पुढच्या आठवड्यात या."

माझ्या मागं एक म्हाताऱ्या अक्का उभ्या होत्या. जन्म विड्या वळण्यात गेलेला. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचं थंडीनं उठत नाही. माझं बाराही महिने उठत नाही. पानात गेलं सगळं." त्यांनी तळहात पुढं केला. बोटांची टोकं गोट्यासारखी गुळगुळीत. मी ३३ वर्षं खडू धरला, तो आठवून आपलीही झीज काही कमी नाही असं म्हणणार होतो, पण तो हात बघून गप्प बसलो.

आता सोलापूरच्या थंडीबद्दल दोन शब्द. बाहेरगावचे लोक म्हणतात, सोलापुरात कुठली आलीय थंडी? त्यांचं चूक नाही. पहाटे १५-१६ अंश, दुपारी ३०. सकाळी फिरायला जाताना कानटोपी, आणि दुपारी वामकुक्षीला पंखा. पण आमची थंडी अंगाला वाजत नाही, अंगातलं पाणी पिते. पाऊस संपला, वारं फिरलं, की हवेतली ओल जी निघून जाते ती थेट जूनमध्ये परत येते. हे आधी कळतं पोटऱ्यांना. नखानं रेघ ओढली की पांढरी उमटते. आमचा दुसरीतला नातू माझ्या पोटरीवर सतराचा पाढा लिहितो आणि चुकला की थुंकी लावून पुसतो. थुंकी लागते तेवढाच काय तो त्या पोटरीला ओलावा.

टाचांचं तर विचारूच नका. आमच्याकडे कडक भाकरी म्हणून प्रकार असतो. पापडासारखी पातळ, वाळवलेली, महिनाभर टिकणारी. हिनं एकदा माझ्या टाचेकडे बघून, "आमटीत चुरायच्या राहिल्यात फक्त," असं म्हटलं, तेव्हापासून मी घरात मोजे घालून वावरतो. रात्री कूस बदलली की टाचेची भेग चादरीच्या धाग्यात अडकते आणि अंधारात चर्र असा आवाज येतो. चादर सोलापुरी असल्यामुळे ती फाटत नाही. टाच फाटते.

बँकेतून आलो तो घरात बातमी माझ्याआधी पोचली होती. शेजारच्या यंत्रमागवाल्या अण्णांनी गेटातच गाठलं. "काय ओ सर, तुम्ही म्हणे मेलाव?"

"मेलो नाही, वाळलोय."

सूनबाईंनी मला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर विटांची भिंत काढली. कातडीचा वरचा थर म्हणजे विटा, आणि विटांमध्ये स्निग्ध पदार्थाचा गिलावा. वय झालं की गिलावा मुळातच कमी तयार होतो. त्यात आपण कढत पाण्यानं आणि साबणानं उरलासुरला धुऊन टाकतो. मग फटीफटींतून आतलं पाणी उडून जातं.

"अंघोळीला किती वेळ घेता?"

"बंब रिकामा होईपर्यंत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. पाणी कोमट, अंघोळ दहा मिनिटांत, साबण फक्त काखेत न् जांघेत, अंग घासायचं नाही, टिपायचं, आणि टिपल्यावर तीन मिनिटांच्या आत, कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. एवढ्या अटी मला लग्न ठरवतानाही कुणी घातल्या नव्हत्या.

साबण कमी लावा म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. मधले दिवस बोअरचे. बोअरचं पाणी असं जड की साबणाचा फेसच होत नाही. फेस होईना म्हणून माणूस आणखी साबण घासतो, आणि तो क्षारांबरोबर अंगावर बसतो तो बसतोच. बादलीच्या कडेला जी पांढरी पुटं दिसतात, तीच माझ्या कोपरांवर दिसतात. बादलीला निदान लिंबू घासता येतं.

"टिपायचं, घासायचं नाही" हे अण्णांना सांगितलं तर ते दुखावले. त्यांच्या घरी टॉवेलचे माग. म्हणाले, "टिपायला रुमाल पुरे की ओ. टर्किश टॉवेल मग कशाला विणतो आम्ही?" मुद्दा बिनतोड होता. आमचा टॉवेल पाण्याबरोबर माणसाची वरची एक पापुद्रीही घेऊन जातो, आणि त्याशिवाय आपल्याला पुसल्यासारखं वाटत नाही.

तीन मिनिटांची अट मात्र मी मनावर घेतली. अडचण एवढीच की न्हाणीघरातून बाहेर यायला अर्धं मिनिट, बाटली शोधायला दोन, आणि नातवानं ती गाडीच्या चाकांना ऑइलिंग करायला नेलीय हे कळायला पुढची पाच. तोवर मी बैठकीच्या दारात पंच्यावर उभा आणि समोर हिच्या भिशीच्या चार बायका.

व्हॅसलिनवर माझा लहानपणापासून विश्वास. त्याची गोष्ट मी वर्गात सांगायचो. अमेरिकेत चेसब्रो नावाचे एक रसायनज्ञ होते. खनिज तेलाच्या विहिरींवर पंपाच्या दांड्यांना चिकटणारा मेणचट गाळ तिथले मजूर कापल्या-भाजल्यावर लावतात, हे त्यांनी पाहिलं, तो शुद्ध केला आणि १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. ते स्वतः रोज चमचाभर व्हॅसलिन खात असं सांगतात, आणि जगले ९६ वर्षं. हे ऐकून ही म्हणाली, "तुम्ही लावा फक्त."

तर ते मी रोज रात्री थापत होतो आणि सकाळी पोटरी पुन्हा पाटी. डॉक्टरांनी कारण सांगितलं. व्हॅसलिन स्वतः पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. ते झाकण आहे. मी आपला रिकाम्या टाकीवर झाकण लावत होतो! पाणी आलं की आधी टाकी भरायची आणि मग झाकण घालायचं, हे ज्या गावात पाळण्यातल्या पोराला कळतं त्या गावात मी ६६ वर्षं काढली, आणि स्वतःच्या कातडीला तो नियम लावायचं सुचलं नाही.

ग्लिसरीनचं उलट. ते पाणी ओढतं. हवेत ओल असेल तर हवेतून, नसेल तर खालच्या थरातून. म्हणजे सोलापुरात नुसतं ग्लिसरीन लावणं म्हणजे दुष्काळात आणखी एक बोअर मारणं. ते ओल्या अंगावर, वर झाकण घालून लावायचं असतं.

एवढं ज्ञान झाल्यावर खरं तर थांबायला हवं होतं. पण पेन्शनचा प्रश्न म्हटल्यावर नातेवाईक थांबत नाहीत. अक्कलकोटच्या आत्यानं घाण्यावरचं करडईचं तेल धाडलं. तिच्या मते गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेला, अक्षता सोहळ्याच्या आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना यण्णीमज्जन, म्हणजे तेलाचं स्नान, होतं ते उगाच नाही, थंडीत दगडालासुद्धा तेल लागतं. तेव्हापासून ही मला तेल लावायला बोलावताना, "या, एकोणसत्तरावे," अशी हाक मारते. रत्नागिरीच्या व्याह्यांनी मुठेल पाठवलं. कोकमाच्या बियांचं हे तेल थिजून दगडासारखं होतं, त्याचा मुठीएवढा गोळा असतो. तो पळीत वितळवून टाचेच्या भेगेत थेंब सोडायचा. कोमट सोडायचा, हे व्याह्यांनी दुसऱ्या फोनमध्ये सांगितलं. पहिला फोन आणि दुसरा फोन यांच्या दरम्यान मी जे ओरडलो ते अण्णांना मागाच्या खडखडाटात ऐकू गेलं.

पण गुण आला हे खरं. आठवड्यात पोटऱ्यांना तुकतुकी आली. चादरीवर माझी पूर्णाकृती आकृती उमटली. घरातली दारं मी उघडायचं बंद केलं, कारण मुठी हातातून सुटत होत्या. नातवाला पाढे लिहायला पाटी आणून द्यावी लागली.

अशा तयारीनं मी दुसऱ्यांदा बँकेत गेलो. अंगठा टेकवला आणि तो काचेवरून घसरून थेट टेबलावर गेला. मुलीनं काच पुसली. पुन्हा टेकवला. पडद्यावर नुसता डाग. तिनं माझ्या अंगठ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "काका, आता जास्त झालं." रुमालानं पुसला, तर पुन्हा कोरडाठाक. मला ओला आणि कोरडा दुष्काळ एकाच काउंटरवर भोगावा लागला.

घरी सांगितल्यावर ही उठली. "तीस तारीख चार दिवसांवर आली. मीच येते."

तिसऱ्या खेपेला रांगेत पुन्हा त्या विडीवाल्या अक्का भेटल्या. त्यांचं काम त्या पहिल्याच दिवशी मोबाइलवर चेहरा दाखवून झालं होतं. २०२१ पासून तशीही सोय आहे म्हणे, फक्त मला कुणी सांगितली नव्हती. आज त्या कुणा जावेच्या सोबतीला आल्या होत्या. मी म्हटलं, मग मीही चेहराच देतो. पण तेवढ्यात माझी पाळी आली, मुलीनं सवयीनं यंत्र पुढं सरकवलं आणि मी सवयीनं अंगठा टेकवला. उठेना.

"मास्तर, डोईला घासा की ओ अंगठा," अक्का म्हणाल्या. "थोडं तेल लागतंय, जास्त नाही."

मी डोक्याला घासला. माझं डोकं १९९८ पासून मोकळं आहे, आणि कातडी तिथंही तीच. अक्कांनी ते बघितलं आणि मान हिच्याकडे वळवली. हिचं खोबरेल रोजचं. चापूनचोपून घातलेला अंबाडा, भांगाजवळ नेमकी हवी तेवढी चकाकी.

भर बँकेत मी हिच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. लांबून बघणाऱ्यांना मी आशीर्वाद देतोय असं वाटलं असणार. यंत्रानं टिंग केलं. मुलगी ओरडली, "आला, काका, आला!"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा डोक्यावरून हात फिरवलात," ही हळूच म्हणाली, "तेही सरकारनं मागितलं म्हणून."

मी काही उत्तर देणार, तोच मागचे रिटायर्ड कंडक्टर खाकरले. दोनदा त्यांचा अंगठा नापास झालेला होता. ते संकोचानं हिच्या अंबाड्याकडे बघत म्हणाले, "वैनी, एक विचारू का?"