सही केली म्हणजे विषय संपला, असं नाही

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: विम्याच्या फॉर्मवर सही केली की विषय संपला, पॉलिसी परत होत नाही. एक हप्ता चुकला की भरलेलं सगळं बुडालं. क्लेमच्या वेळी कंपनी कुठलंही कारण काढून हात वर करते. तक्रार करायची तर मुंबईत वकील लावावा लागतो. म्हणून गप्प बसा आणि पुन्हा विमा घेऊ नका.

माझं ई-सेवा केंद्र आहे. विम्यात फसलेली माणसं नेहमी माझ्यासमोर येऊन बसतात, त्यामुळे या मेसेजमागचा राग मला कळतो. पण ‘गप्प बसा’ हा सल्ला त्यांना आणखी खड्ड्यात घालतो. विम्यातले बहुतेक हक्क मुदतीचे आहेत. गप्प बसलं की मुदत निघून जाते.

पहिला मुद्दा सहीचा. दिवाळीनंतर शेजारच्या गावचे एक मामा आले होते. सोयाबीनचे पैसे बँकेत जमा झाले, त्यातल्या ५० हजारांची एफडी करा, असं त्यांनी तिथं सांगितलं होतं. पुढं घरी जाड पाकीट आलं. खताच्या पिशवीत गुंडाळलेलं ते पाकीट त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. आत एफडी नव्हती. दरवर्षी ५० हजार, असे दहा वर्षं भरायची आयुर्विमा पॉलिसी होती. मागं प्रस्तावाच्या फॉर्मची झेरॉक्स. व्यवसाय ‘व्यापार’, उत्पन्न आठ लाख. ‘सर्व मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला आहे’ या छापील ओळीखाली मामांची वाकडीतिकडी सही.

“आता काय होतंय, सही तर माझीच हाय,” मामा म्हणाले.

मी आधी पाकीट कधी मिळालं ते विचारलं. अठरा दिवस झाले होते, म्हणजे बारा दिवस हातात होते. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत द्यावे लागतात. आम्ही त्याच दिवशी अर्ज लिहून स्पीड पोस्टाने पाठवला, ईमेलही केला आणि पोच जपून ठेवली. थोडी रक्कम कापून पैसे मामांच्या खात्यावर आले. गप्प बसले असते तर पुढच्या दिवाळीला दुसरा हप्ता दारात उभा होता.

हप्त्याचं म्हणाल, तर तारीख चुकली म्हणून पॉलिसी त्याच दिवशी मरत नाही. महिन्याच्या हप्त्याला १५ दिवस आणि तिमाही, सहामाही, वार्षिक हप्त्याला ३० दिवस सवलतीचे असतात. त्यानंतर बंद पडलेली पारंपरिक, म्हणजे शेअर बाजाराशी न जोडलेली, आयुर्विमा पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांत पुन्हा सुरू करता येते. व्याज भरावं लागतं, तब्येतीची माहिती पुन्हा द्यावी लागते. मध्येच पॉलिसी मोडली तर नुकसान होतंच, ते मी झाकणार नाही. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांत एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरून वर्ष झालं असेल, तर काही रक्कम परत मिळण्याची सोय आहे.

‘कंपनी कुठलंही कारण काढते’, हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण ते ऐकून विधवा बाया क्लेम न करताच बसतात. १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४५ सांगतं की आयुर्विमा सुरू होऊन तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणाने त्या पॉलिसीवर प्रश्न उठवता येत नाही, फसवणुकीच्या कारणानेही नाही. मात्र पॉलिसी मध्ये बंद पडून पुन्हा सुरू केली असेल, तर तीन वर्षं तिथून मोजतात. तीन वर्षांच्या आत नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. आरोग्य विम्यात ६० महिने सलग संरक्षण असेल, तर आजार लपवला म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. म्हणूनच शुगर, बीपी, जुनं ऑपरेशन फॉर्मवर लिहाच. एजंट ‘लिहू नका, प्रीमियम वाढेल’ म्हणाला, तरी फॉर्म तुमच्याच नावाचा असतो. एजंटचं तोंडी बोलणं पुढं कामाला येत नाही.

मुंबई आणि वकील, हे साफ चुकीचं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. मराठवाड्यासाठी कार्यालय पुण्याला आहे, पण तक्रार ऑनलाइन करता येते. फी नाही आणि वकील तिथं चालतच नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतो आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगात जायचं तरी आपल्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येतं, मुदत दोन वर्षांची. फोनवर विचारायचं असेल तर नियामकाचा १५५२५५.

राहिलं ‘पुन्हा विमा घेऊ नका’. मागं एक ताई नवऱ्याचं खातं बंद करायला लागणाऱ्या कागदांसाठी आल्या होत्या. पासबुकाची पानं उलटताना मला ४३६ रुपयांची नोंद दिसली. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, वर्षाला ४३६ रुपये, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तर दोन लाख. २० रुपयांची नोंद असेल, तर ती अपघात विम्याची. ताईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, खात्यातून पैसे का कापले म्हणून नवरा बँकेवर चिडायचा, एवढंच त्यांना आठवत होतं. मी खातं बंद करायचे कागद बाजूला ठेवले आणि आधी मृत्यूचा दाखला मागितला.