विटाळ म्हणजे पाप नव्हे
एका लेखात बायबलच्या जुन्या करारातला विटाळ आणि पाप एकच धरलंय, ते पटलं नाही. त्यातल्या लेवीय या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात मुलगा झाला तर आईला ४० दिवस विटाळ, मुलगी झाली तर ८०, आणि शेवटी 'पापार्पण', म्हणजे पापासाठीचं अर्पण. पण बाळंत होणं पाप कसं? मूळ हिब्रू शब्द 'हत्तात'. बायबलचे अभ्यासक जेकब मिलग्रोम यांनी त्याचा अर्थ 'शुद्धीकरणाचं अर्पण' असा लावला. कोल्हापुरात आमच्या घरी बाळंतिणीचं ताट उंबऱ्यावरून आत सरकवायचे. तेव्हाही आजी म्हणायची, "विटाळ हाय बाई, पाप न्हवं." त्या एका भाषांतरित शब्दापायी कितीजणींनी स्वतःला दोषी मानलं असेल, याचं फार वाईट वाटतं. खून, व्यभिचार, मूर्तिपूजा यांनी देश विटाळतो ते वेगळं. तिथं साध्या विटाळासारखं आंघोळ करून संध्याकाळपर्यंत थांबणं पुरत नाही, तिथं न्याय होतो.