खडे निघाले, जळजळ राहिली

‘पित्ताशयात खडे सापडले? मग ॲसिडिटी, ढेकर, गॅस, पोट साफ न होणं, सगळं त्यांच्यामुळेच. पिशवी काढली की सगळं बंद. नाहीच झालं तर समजा ऑपरेशन फसलं.’ हा मेसेज बऱ्याच जणांना आला असेल. ऑपरेशनला माझा विरोध नाही. पण मेसेजातला हिशेब चुकीचा आहे.

‘सगळं खड्यांमुळेच.’ खडे असलेल्या दहांपैकी साधारण आठ जणांना त्यांचा काहीही त्रास नसतो. खड्याचं दुखणं वेगळंच असतं. ते वरच्या पोटात, मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली उठतं, अर्धा तास ते काही तास टिकतं, कधी पाठीत उजव्या खांद्याखाली जातं. सोबत मळमळ, उलटी. रात्री जेवून आडवं झालं की छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी आणि उठून बसलं की बरं, हा प्रकार हायटस हर्नियाकडे बोट दाखवतो. त्यात जठराचा वरचा भाग श्वासपटलातल्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातल्या) फटीतून छातीत सरकलेला असतो.

मग आळ खड्यांवरच का येतो? कारण पोट दुखलं की आधी होते ती सोनोग्राफी आणि तिला खडे छान दिसतात. हायटस हर्निया बहुधा एन्डोस्कोपीत किंवा बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत कळतो. मोठ्या आतड्याच्या भिंतीतून बाहेर आलेल्या छोट्या पिशव्या, म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस, कोलोनोस्कोपीत किंवा सीटी स्कॅनवर. चोर सोडून संन्याशाला फाशी होते ती इथे.

खडे, हायटस हर्निया आणि डायव्हर्टिक्युलोसिस हे तिन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, हे केपटाऊनचे सर्जन चार्ल्स सेंट आपल्या विद्यार्थ्यांना बजावत असत. १९४८ मध्ये मुलर यांनी या त्रिकुटाला ‘सेंट्स ट्रायड’ हे नाव दिलं. सेंट यांचा मुद्दा असा की, लक्षणं एका आजारात बसत नसतील तर दुसरा शोधा.

‘तिन्ही एकत्र, म्हणजे मूळ एकच.’ ही मेसेजची जरा शिकलेली आवृत्ती. संयोजी ऊतींच्या, म्हणजे अवयवांना आधार देणाऱ्या ऊतींच्या, कमजोरीचा तर्क मांडला गेलाय, पण तो सिद्ध झालेला नाही. तिन्ही आजार वयाबरोबर वाढतात. पन्नाशी-साठीनंतर एकाच पोटात भेटले तर त्यात नवल ते काय?

‘त्रास राहिला म्हणजे ऑपरेशन फसलं.’ मुळात जळजळ खड्यांची नव्हतीच, तर ती जाणार कशी? म्हणून तारीख ठरवण्याआधी सर्जनना सरळ विचारा: डॉक्टर, यातलं काय थांबेल आणि काय राहील? मात्र पिशवी काढल्यावर पुन्हा तशीच जोरदार कळ आली, डोळे पिवळे झाले किंवा थंडी वाजून ताप आला, तर मामला वेगळा. पित्तनलिकेत खडा राहिलेला असू शकतो. तेव्हा ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.